चैत्रातली परसबाग आणि संशोधनाचा आराखडा

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी आराखडा लिहायला घेतलेल्या मुलामुलींशी बोलताना आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून एक विषय हमखास पुढे येतो: ‘परसबागेचा आदिवासी कुटुंबांच्या आहारावर होणारा परिणाम’. विषय चांगला आहे, गरजेचाही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यातले ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. बालकांच्या कुपोषणाची बातमी आली की त्यात धडगाव-अक्कलकुव्याचं नाव असतंच. त्यामुळे घरामागच्या दोन-चार वाफ्यांनी मुलांच्या ताटात काही फरक पडतो का, हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी राहत नाही.

अडचण विषयात नाही, आराखड्यात आहे. बहुतेक आराखडे साधारण असे असतात: मार्चमध्ये शंभर घरांचा सर्व्हे, जूनमध्ये बियाण्यांचं वाटप, ऑक्टोबरमध्ये पुन्हा सर्व्हे, मग दोन्ही आकड्यांची तुलना. भाजी खाण्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं. निष्कर्ष: परसबाग यशस्वी.

आता हाच आराखडा बियाणं न वाटता राबवला तर काय होईल? तरीही भाजी वाढलेलीच दिसेल. कारण मार्चमध्ये सातपुडा वाळलेला असतो आणि पावसाळ्यानंतर बांधावर, जंगलात, शेतात सगळीकडे हिरवं असतं. म्हणजे आपण मोजला तो ऋतू, आणि त्याला नाव दिलं परसबागेचं.

म्हणून आज परसबाग कशी आखायची आणि लावायची तेच बघू. पण पावसाळ्यातली नाही, फाल्गुन-चैत्रात लावायची. ती लावायला जो विचार करावा लागतो, तोच संशोधनाच्या आराखड्यात करावा लागतो.

वसंतातच का?

आपल्याकडे परसबाग म्हटलं की जून डोळ्यांसमोर येतो. ‘उमेद’ अभियानाची ‘माझी पोषण परसबाग’ मोहीमसुद्धा पावसाळ्याच्या सुरुवातीला राबवली गेली होती. ते साहजिक आहे, पाणी फुकट असतं, बी टाकलं की उगवतं.

पण घराला भाजीची खरी गरज कधी असते? एप्रिल ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत. रब्बी संपलेली असते, विहिरी खाली गेलेल्या असतात, बाजारात भाजी महाग असते, आणि खरिपाच्या बियाणं-खतासाठी पैसे बाजूला काढायचे असतात. कामासाठी गुजरातकडे किंवा ऊसतोडीला गेलेली बरीच कुटुंबं होळीच्या सुमारास परत येतात, म्हणजे घरातली खाणारी तोंडंही याच काळात वाढतात. ज्या बागेने सप्टेंबरमध्ये दोडके दिले तिने चांगलंच केलं, पण तेव्हा शेजारच्या बांधावरही दोडके होते. मे महिन्यात जिने मूठभर पाला दिला तिने खरी उणीव भरून काढली.

संशोधनात याला आपण तुलनेचा पाया म्हणतो. ‘परिणाम झाला’ हे वाक्य अर्धवट असतं. कशाच्या तुलनेत झाला, ते सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

पहिली पायरी बियाण्याची नाही, पाण्याची

उन्हाळी परसबागेचा आकार जागेवरून ठरवायचा नसतो, पाण्यावरून ठरवायचा असतो. हे गणित सोपं आहे, प्रत्येकाने एकदा स्वतः करून बघावं.

जमिनीतून आणि पानांतून मिळून जेवढं पाणी हवेत जातं, त्याला बाष्पोत्सर्जन म्हणतात आणि ते मिलिमीटरमध्ये मोजतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेली ५६ क्रमांकाची पुस्तिका या विषयात जगभर प्रमाण मानली जाते. तिच्यात उष्ण, निमशुष्क प्रदेशासाठी संदर्भ-बाष्पोत्सर्जन दिवसाला ६ ते ८ मि.मी. दिलं आहे. आपण मधला ७ हा आकडा घेऊ. एक चौरस मीटरवर १ मि.मी. पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. म्हणजे पूर्ण वाढलेल्या वाफ्याला प्रत्येक चौरस मीटरमागे रोज साधारण ७ लिटर पाणी लागेल.

दहा फूट बाय दहा फुटांची बाग म्हणजे ९.३ चौरस मीटर. तिला रोज ६५ लिटर. १ एप्रिल ते १५ जून हे ७६ दिवस धरले तर जवळजवळ ५,००० लिटर. यात पाणी देताना वाया जाणारं धरलेलं नाही.

आता हंड्याच्या भाषेत बोलू. १५ लिटरचा हंडा धरला तर रोज चार हंडे भरून पाचवा थोडा लागतो. नळ दारात असेल तर ठीक. जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटरचं आहे, म्हणजे पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. पण पाणी झऱ्यावरून किंवा उतारावरच्या हातपंपावरून आणावं लागत असेल, तर हे चार-पाच हंडे कोणाच्या डोक्यावर येतात, ते तुम्हाला माहीत आहे. बागेमुळे ताटात भाजी आली, पण त्यासाठी बाई रोज तास-दीड तास जास्त चालली, तर तो खर्च तुमच्या संशोधनात दिसला पाहिजे. आराखड्यात त्यासाठी एक रकाना ठेवा: पाणी कोणी आणलं, किती फेऱ्या, किती वेळ. हा रकाना नसेल तर तुमची परसबाग कागदावर फुकट असते आणि ती कधीच फुकट नसते.

मग करायचं काय? उलट्या बाजूने गणित मांडायचं. सात दिवस घरातलं आंघोळीचं आणि भांडी धुतलेलं पाणी बादलीने मोजा. समजा रोज ३० लिटर सहज वापरता येईल असं निघालं. ३० भागिले ७ म्हणजे ४.३ चौरस मीटर. म्हणजे तुमची चैत्रातली बाग सहा फूट बाय सात फुटांची. त्याहून मोठी आखली तर मेमध्ये निम्मी वाळेल, आणि वाळणारी निम्मी कोणती ते तुमच्या हातात राहणार नाही.

साबणाचं पाणी थेट पालेभाजीवर घालू नका, ते केळी-पपईच्या आळ्यात सोडा. भाजीला शक्यतो कमी साबणाचं पाणी द्या.

वाफा खोलगट, वर आच्छादन

पावसाळ्यात आपण गादीवाफे करतो, कारण पाणी साचू द्यायचं नसतं. उन्हाळ्यात त्याच्या उलट. जमिनीपेक्षा थोडा खोल वाफा करायचा, कडेला वरंबा, म्हणजे घातलेलं पाणी तिथेच मुरतं आणि गरम वाऱ्यापासून रोपाला थोडा आडोसाही मिळतो. वर गव्हाचा भुसा, वाळलेला पाला किंवा शहाद्याकडे सहज मिळणारं उसाचं पाचट दोन-तीन इंच पसरायचं. मातीवर ऊन थेट पडलं नाही की मातीतून होणारं बाष्पीभवन कमी होतं. रोप लहान असतं तेव्हा बहुतेक पाणी पानांतून नाही, उघड्या मातीतूनच जातं, म्हणून आच्छादनाचा जास्त फायदा सुरुवातीच्या दिवसांत होतो.

वेलांसाठी मडक्याची जुनी युक्ती वापरा. न रंगवलेलं, साधं भाजलेलं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाण्याने भरायचं, वर झाकण ठेवायचं. भोवतालची माती कोरडी पडेल तसं पाणी छिद्रांतून झिरपतं. मडक्याभोवती दोन-तीन बिया टोकल्या की मुळं स्वतःच तिकडे जातात.

पश्चिमेकडचं दुपारचं ऊन अडेल अशी जागा निवडा. घराची, कुडाची किंवा शेवग्याची सावली दुपारी तीननंतर वाफ्यावर यावी.

काय लावायचं: भाज्या मोजू नका, गट मोजा

इथे बागेचं नियोजन आणि संशोधनातलं मोजमाप एकमेकांना भेटतात.

आहाराची विविधता मोजायला जगभर वापरला जाणारा एक निर्देशक आहे. त्यात १५ ते ४९ वयाच्या स्त्रीला, काल दिवसभरात आणि रात्री काय खाल्लं, ते विचारतात आणि अन्नाच्या दहा गटांपैकी किती गट आले ते मोजतात. पाच किंवा जास्त आले तर किमान विविधता गाठली असं धरतात. या दहा गटांत भाज्या-फळांचे गट असे आहेत: गडद हिरव्या पालेभाज्या, ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असणारी इतर फळं-भाज्या, बाकीच्या भाज्या आणि बाकीची फळं.

आता एखाद्या नेहमीच्या परसबागेची यादी बघा: गिलके, दोडके, कारले, भेंडी, गवार. पाच भाज्या! पण गट एकच, ‘बाकीच्या भाज्या’. पाच वेल-झाडं लावून गुण एकच वाढला. त्याऐवजी पोकळा, डांगर, गिलके आणि चवळी लावली तर चार वेगळे गट मिळू शकतात: पोकळा पालेभाजीत, पिवळ्या-केशरी गराचं डांगर ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गटात, गिलके बाकीच्या भाज्यांत आणि चवळीचे वाळलेले दाणे कडधान्यात. चवळीच्या कोवळ्या शेंगा खाल्ल्या तर मात्र त्या बाकीच्या भाज्यांत मोडतात. हे बारकावे सर्व्हेच्या प्रश्नावलीत आधीच लिहून ठेवावे लागतात, नाहीतर दोन मुलाखतकार एकच शेंग दोन गटांत टाकतात.

आंब्याचंही तसंच. मे-जूनमध्ये पिकलेला आंबा खाल्ला की ‘अ’ जीवनसत्त्वाचा गट आपोआप येतो. धडगाव भागात आमचुरासाठी कैऱ्या वाळवतात, पण कैरी त्या गटात धरत नाहीत. म्हणजे मे महिन्यात विविधता वाढलेली दिसली, तर ती बागेमुळे की आंब्यामुळे, हे वेगळं काढता येईल अशी सोय आराखड्यात हवी.

चार चौरस मीटरसाठी मी अशी आखणी सुचवेन:

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात वाफे तयार करून चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. १ मार्चच्या आसपास एका चौरस मीटरमध्ये पोकळा फेका, पण अर्ध्याच भागात. उरलेल्या अर्ध्यात पंधरा दिवसांनी. पोकळा २५ ते ३० दिवसांत काढणीला येतो, असा टप्प्याटप्प्याने पेरला तर खंड पडत नाही. एका चौरस मीटरमध्ये चवळी, एकात भेंडी किंवा गवार. या तिन्ही दीड-दोन महिन्यांत सुरू होतात, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून. उरलेल्या जागेत एक मडकं, त्याभोवती गिलक्याचा एक आणि डांगराचा एक वेल, दोन्ही मांडवावर किंवा कुडावर चढवायचे. डांगर पिकायला जास्त वेळ घेतं, पण एकदा पक्कं झालं की महिना-दोन महिने टिकतं, जूनसाठी ते फार उपयोगी.

टोमॅटो या हंगामात नवीन लावू नका. तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की त्याची फुलं गळतात, फळ धरत नाही, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. भेंडीवर पांढरी माशी आली आणि पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या तर ते झाड उपटून टाका, तो विषाणूचा रोग आहे, औषधाने बरा होत नाही.

शेवगा आणि पपई यंदाच्या पावसाच्या तोंडावर लावा, पण पुढच्या चैत्रासाठी. मुळं खोल गेलेला शेवगा दुसऱ्या उन्हाळ्यात फारसं पाणी न मागता पाला देतो. म्हणजे नीट आखलेली चैत्रातली बाग दोन वर्षांची असते. संशोधनाचा कालावधी ठरवताना हे लक्षात ठेवा: सहा महिन्यांच्या प्रकल्पाला शेवग्याचा पाला दिसणारच नाही.

बियाण्यांसाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. धडगाव भागात ‘बाएफ’ संस्थेने मका-ज्वारीच्या स्थानिक वाणांच्या जतनाचं काम केलं आहे. भाज्यांच्या घरच्या वाणांसाठी मात्र गावातल्या म्हाताऱ्या बायकांइतकी मोठी बँक दुसरी नाही.

सारखं बी, सारखी माती, तरी उत्पन्न वेगळं

समजा तुम्ही दोन वाफे केले, एकावर आच्छादन, दुसरा उघडा. आच्छादनाच्या वाफ्यात जास्त पोकळा निघाला. आच्छादनाचा उपयोग सिद्ध झाला का?

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथल्या संशोधन केंद्रात मर्सर आणि हॉल या दोघांनी १९१० च्या हंगामात एक एकर गहू एकसारखा वाढवला आणि कापणीच्या वेळी त्याचे ५०० सारखे तुकडे पाडून प्रत्येकाचं धान्य वेगळं तोललं. बी एकच, खत एकच, शेत एकच. तरी सर्वांत कमी तुकड्यात २.७३ पौंड आणि सर्वांत जास्त तुकड्यात ५.१६ पौंड धान्य भरलं. जवळजवळ दुप्पट, काहीही वेगळं केलेलं नसताना! जमीन आतून कधीच एकसारखी नसते. आपल्याकडे तर हे डोळ्यांनी दिसतं: तापीकाठची शहाद्याची खोल काळी जमीन आणि सातपुड्याच्या उतारावरची मुरमाड, वीतभर माती.

याच रॉथमस्टेडमध्ये १९१९ साली रोनाल्ड फिशर आले. त्यांनी या गोंधळातून मार्ग काढला, तो तीन शब्दांत सांगता येतो. पुनरावृत्ती: एकच वाफा नको, अनेक हवेत. यादृच्छिकता: कोणत्या वाफ्याला काय द्यायचं ते आपण नाही, नाण्याने ठरवायचं. गट पाडणे: सारख्या परिस्थितीतले वाफे एका गटात घेऊन तुलना गटाच्या आत करायची, सावलीतला सावलीतल्याशी, उन्हातला उन्हातल्याशी.

भारतात हे शास्त्र शेतीच्या संशोधकांपर्यंत पोहोचवणारं पुस्तक दोन मराठी माणसांनी लिहिलं: व्ही. जी. पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९५४ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केलेलं त्यांचं कृषी संख्याशास्त्राचं पुस्तक अजूनही कृषी महाविद्यालयांत ‘पानसे-सुखात्मे’ या नावानेच ओळखलं जातं. सुखात्मे १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मले, १९५१ पासून सुमारे दोन दशकं अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागात होते, आणि पुढे त्यांचं बरंचसं काम पोषणावर झालं. त्यांचा एक मुद्दा आपल्या कामाचा आहे: एकाच निरोगी माणसाचं खाणं रोज सारखं नसतं, आणि हा चढउतार लक्षात न घेता नुसत्या सरासरीशी तुलना केली तर कुपोषितांची संख्या चुकते. यावर नंतर जोरदार वाद झाले, काहींनी त्यांच्या निष्कर्षांना कडाडून विरोध केला. पण वाफ्यातला चढउतार आणि ताटातला चढउतार हे एकाच नजरेने बघता येतात, हे त्या वादातूनही उरतं.

घरच्या घरी करायचा प्रयोग

आच्छादनाने पाणी खरंच वाचतं का, हे बघायला बारा सारख्या पिशव्या किंवा डबे घ्या. प्रत्येकात सारखी माती तोलून भरा आणि पोकळा पेरा. शेजारशेजारच्या दोन-दोन पिशव्यांची जोडी करा, सहा जोड्या होतील. प्रत्येक जोडीत नाणं उडवा, छाप आली तर डावीवर भुसा, काटा आला तर उजवीवर. रोज ठरलेल्या वेळी साध्या वजनकाट्यावर पिशवी तोला. एक किलो वजन घटलं म्हणजे एक लिटर पाणी गेलं. जेवढं गेलं तेवढंच परत घाला आणि वहीत लिहा. भुसा घातल्यावर पिशवीचं वजन नव्याने घ्यायला विसरू नका.

जोड्या सहाच का? समजा आच्छादनाचा काहीच उपयोग नाही. तरी एका जोडीत भुशाची पिशवी जिंकण्याची शक्यता निम्मी आहे. चारही जोड्यांत तीच जिंकण्याची शक्यता १६ मध्ये १, म्हणजे ६.२५ टक्के. नेहमीच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत हे बसत नाही, निकाल कितीही स्पष्ट दिसला तरी. सहा जोड्यांत सगळे निकाल एकाच बाजूला लागण्याची शक्यता, दोन्ही बाजू धरून, ६४ मध्ये २, म्हणजे ३.१ टक्के. म्हणून सहा. सॅम्पल साइज कशी ठरते हे ज्यांना पाठ करूनही समजत नाही, त्यांनी हे एवढं एक उदाहरण हाताने सोडवावं.

वाफ्यावरून पाड्यावर

आता मूळ विषयाकडे येऊ. पिशवीच्या जागी घर ठेवा. पण घरं पिशव्यांसारखी सुटी नसतात. एका पाड्यातल्या घरांचा झरा एक, बाजार एक, अंगणवाडी एक. एका घराला बियाणं दिलं की ते चार घरांत पोहोचतं, तीच आपली रीत आहे आणि ती चांगलीच आहे. म्हणून बाग कोणाला द्यायची हे घरागणिक न ठरवता पाड्यागणिक ठरवावं लागतं.

याची किंमत आकड्यात दिसते. एका पाड्यातून २० घरं घेतली आणि त्यांच्यातल्या साम्याचा सहगुणांक ०.०५ धरला, तर सूत्र असं: १ अधिक (२० वजा १) गुणिले ०.०५, म्हणजे १.९५. दहा पाड्यांतल्या २०० घरांची माहिती सुट्या १०३ घरांच्या माहितीएवढीच भरते. आणि एक बागवालं गाव विरुद्ध एक बिनबागेचं गाव अशी तुलना केली, तर घरं कितीही घ्या, सॅम्पल दोनचंच राहतं. पाडे वाढवा, पाड्यातली घरं कमी केली तरी चालेल.

ज्या पाड्यांना यंदा बाग मिळाली नाही त्यांना पुढच्या वर्षी द्या, हे आराखड्यात आधीच लिहा. ‘तुलनेचा गट’ म्हणजे शेवटी मुलंबाळं असलेली घरंच असतात.

आणि परिणाम कुठे मोजायचा? बियाणं उगवलं, भाजी निघाली, घरात शिजली, मुलाच्या ताटात आली, शरीराने शोषली, वजन-उंचीत फरक पडला. ही साखळी आहे आणि ती कोणत्याही कडीला तुटू शकते. १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पश्चिम जावातल्या एका प्रयोगात स्तनदा मातांना बारा आठवडे रोज गडद हिरव्या भाज्या दिल्या, तरी त्यांची ‘अ’ जीवनसत्त्वाची पातळी सुधारली नाही. तेच पोषकद्रव्य खाऊत मिसळून दिलेल्या गटात मात्र सुधारली. पानात असलेलं सगळं अंगाला लागत नाही.

२०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मॅसेट आणि सहकाऱ्यांनी शेतीतून पोषण सुधारण्याच्या २३ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातले बरेच परसबागेचे होते. भाजीचं उत्पादन आणि खाणं वाढल्याचं दिसलं, पण मुलांच्या खुजेपणात किंवा कमी वजनात फरक पडल्याचा पुरावा फारच थोडा होता. याचं एक कारण त्यांनी स्पष्ट सांगितलं: बऱ्याच अभ्यासांची सॅम्पल साइजच असा फरक पकडण्याइतकी नव्हती. म्हणजे ‘बागेने काही होत नाही’ असंही सिद्ध झालं नाही. एवढे पैसे आणि एवढी वर्षं खर्च होऊन प्रश्न जिथल्या तिथे राहिला. आपल्या महाराष्ट्रात एम. एस. स्वामिनाथन रिसर्च फाउंडेशनने वर्धा जिल्ह्यात शेती आणि पोषण जोडण्याचा जो अभ्यास केला, त्यात घरची भाजी हा मोठ्या रचनेचा एक भाग होता, सोबत पिकांची निवड आणि पोषणाबद्दलचं शिक्षणही होतं. एकटी बाग सगळं करेल अशी अपेक्षा तिच्यावर लादू नये.

आराखड्याआधी ही पाच वाक्यं लिहा

तुमचा विषय परसबागेचा असो नसो, हे करता येईल.

१. मी कोणत्या महिन्याची कोणत्या महिन्याशी तुलना करणार? (मार्चची पुढच्या मार्चशी, मेची मेशी, मार्चची ऑक्टोबरशी नाही.)

२. मी काहीच केलं नसतं तर आकडा कुठे गेला असता, आणि हे मला कोण सांगणार?

३. साखळीतल्या नेमक्या कोणत्या कडीवर मी मोजणार?

४. माझं एकक कोणतं: वाफा, घर की पाडा? आणि ती खरोखर किती आहेत?

५. माझ्या प्रयोगाचं जास्तीचं काम कोणाच्या अंगावर पडतं, आणि ते मी मोजलं का?

होळीला गावी जाणार असाल तर सोबत एक बादली, एक वजनकाटा आणि वही ठेवा. पहिले सात दिवस काहीच पेरू नका, फक्त घरातलं पाणी मोजा आणि ते कोण आणतं ते लिहा. मग वाफ्याचा आकार ठरवा. सहा जोड्यांचा प्रयोग केलात तर आकडे जसे आले तसे पाठवा, पाच जोड्या एका बाजूला आणि एक उलटी लागली तरी. अशा निकालाचं काय करायचं, ते पुढच्या लेखात बघू.